विंडोजचं चिन्ह येतं, टिंबं फिरतात आणि निळा पडदा – फॉरमॅट न मारता इलाज आहे का?

किनारा_वेंगुर्ला
वेंगुर्ल्यातल्या एका सेवा केंद्रातला डेस्कटॉप आहे. एच६१ चिपसेटचा जुना बोर्ड, आय३ प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, २४० जीबीची साटा एसएसडी, विंडोज १०. बटण दाबलं की बोर्डाच्या कंपनीचं नाव येतं, मग विंडोजचं चिन्ह, खाली टिंबं थोडी फिरतात आणि निळा पडदा. त्यावरचं काही वाचून होण्याआधीच मशीन पुन्हा सुरू. असं लागोपाठ झालं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं आणि दुरुस्ती झाली नाही असं सांगतं.

मध्यंतरी दुकानात नेला होता. तिथून चालू होऊन आला, काही दिवस छान चालला, आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता फॉरमॅट मारावा लागेल असं सांगतात. डिस्कवर लोकांच्या अर्जांच्या स्कॅन प्रती आहेत, आंबा बागायतदारांच्या सोसायटीचा हिशेब आहे. सुरुवात कुठून करू?

सर्किट_कुडाळ
फॉरमॅटचं नाव आत्ता काढू नका. मशीन कुठल्या टप्प्यावर पडतं यावरून अर्धं निदान होतं.

बोर्डाचं नावसुद्धा येत नसेल तर रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किंवा बोर्ड. नाव येऊन काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाची ओळ आली तर डिस्क, तिची केबल किंवा बायॉसमधला (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधला) बूटचा क्रम. पासवर्ड टाकल्यावर नुसता काळा पडदा आणि बाण दिसला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा यूजर प्रोफाइल.

तुमचं यातलं काहीच नाही. टिंबं फिरतात म्हणजे बूटलोडर (विंडोज उठवणारा छोटा प्रोग्रॅम) सापडला, कर्नल (विंडोजचा गाभा) चढला, आणि ड्रायव्हर सुरू होताना गाडी घसरली. तिथे मुख्य संशयित तीन: विंडोजला स्वतःच्या डिस्कपर्यंत पोचता येत नाही, एखादा ड्रायव्हर बिघडला आहे, किंवा रॅम.

तिघांतला कोण ते निळ्या पडद्यावर तळाला लिहिलेलं असतं, 'स्टॉप कोड' म्हणून. तो वाचायला मशीन थांबवावं लागेल. रिपेअरच्या पडद्यावरून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', परत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट'. क्रमांकांची यादी येईल, तिथे ९ दाबा. तो पर्याय बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होणं बंद करतो. एवढं नको असेल तर मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक फ्रेम थांबवून बघा. कोड इथे टाका, मग पुढचं बोलू.

हेमांगी_रत्नागिरी
कोड येईपर्यंत रॅम तरी पुसून घ्या. खाऱ्या हवेत पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळकट थर बसतो, आणि जून ते सप्टेंबर हा प्रकार फार. पट्टी काढायची, खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, परत घट्ट बसवायची. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजल्या पाहिजेत.

जांभा_दगड
हेमांगीताई, खोडरबरावर माझा आक्षेप आहे. टोकांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. शाईचा खरखरीत रबर लावला की तो खरवडला जातो आणि खालचा धातू उघडा पडतो. मग आपल्याकडच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यात तीच पट्टी आणखी लवकर खराब होते. शिवाय रबराची भुकटी स्लॉटमध्ये पडते.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. धागे न सुटणारं कापड किंवा कापसाची काडी त्यात भिजवून टोकं पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉटसाठी मऊ ब्रश. रॉकेल आणि पेट्रोल कटाक्षाने टाळा, दोन्हींचा तेलकट थर मागे राहतो.

हेमांगी_रत्नागिरी
अल्कोहोल मिळालं तर तेच उत्तम, मान्य. ते हाताशी नसेल तेव्हा पेन्सिलीचा पांढरा मऊ रबर, एकाच दिशेने, दोन-तीन हात. शाईचा कधीच नको.

पुसून झाल्यावर एका वेळी एकच पट्टी लावून बघा. दोन पट्ट्या, दोन स्लॉट, म्हणजे चार जोड्या. एका पट्टीवर कुठल्याही स्लॉटमध्ये पडत असेल तर पट्टी खराब, एका स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्यांवर पडत असेल तर स्लॉट. खात्रीच करायची तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर. एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी बाद.

निशिगंध
रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, आर लावून. बहुतेकदा भागतं.

दर्यावर्दी_अलिबाग
निशिगंध, थांबा. आर लावलेलं चेकडिस्क पूर्ण डिस्क वाचतं आणि वाचताना ज्या नोंदी फाटलेल्या वाटतात त्या स्वतःच्या मनाने जुळवतं. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर त्या ताणाने ती जाते, आणि फाइली नाव हरवून भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात. लोकांची कागदपत्रं असलेल्या डिस्कवर हे पहिलं पाऊल असूच नये.

आधी डेटा बाहेर. दुसऱ्या संगणकावर उबंटूची आयएसओ फाइल उतरवा, रूफसने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून मशीन सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. विंडोजचं पार्टिशन उघडून यूजर्सचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडलं किंवा उघडायला कुरकुर केली तर दचकू नका. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे बंद केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स त्यावर लिहायला धजत नाही. वाचण्यापुरतं उघडलं तरी प्रती काढायला तेवढं पुरतं.

उबंटू नीट चाललं, तासभर कॉपी होऊनही मशीन पडलं नाही, तर तोही एक निष्कर्ष आहे: रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस बहुतेक ठीक, दोष विंडोजच्या बाजूला किंवा बायॉसच्या सेटिंगमध्ये.

डेटा हातात आल्यावर चेकडिस्क चालवायचंच असेल तर आधी डिस्कचं अक्षर तपासा. रिपेअरच्या पडद्यावर तुमचं सी कधी डी होतं, कधी ई. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' लिहून आकारावरून ओळखा. एसएफसीचंही (विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा) तसंच, ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर हे दोन्ही पत्ते दिल्याशिवाय ते भलत्याच विंडोजवर चालायला बघतं.

मालवणी_माणूस
मी सगळा वाचलंय. पण एक सांगा, रातची मेन स्विच बंद करून जातत काय तुमी? सोमवारीच असा होता म्हणतास, मगे रविवारी मशीनीक लाईट नसता. ह्या आधी बगा. आणि सुरू होताना तारीख बरोबर दाखयता काय ता पण बगा.

सर्किट_कुडाळ
मालवणीदादा, नेमकं बोट ठेवलंत. किनारा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कोडइतकीच महत्त्वाची आहेत. बटण दाबल्या दाबल्या डिलीट टिचकावत राहा, बायॉस उघडेल. पहिल्याच पानावर तारीख असते.

आंबोळगड
व्होल्टेजही मोजा. पावसात गावच्या लाइनवर संध्याकाळी दाब उतरतो, आणि जुना एसएमपीएस तेव्हाच दगा देतो. मशीन चालू असताना चार पायांच्या मोलेक्स कनेक्टरवर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. पिवळी आणि काळी तार: ११.४ ते १२.६ मध्ये हवं. लाल आणि काळी: ४.७५ ते ५.२५. विंडोज चढत असतानाच काटा बघायचा, कारण निवांत असताना फुगलेला कपॅसिटरही बरोबर आकडा दाखवतो. बोर्डावर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेत का तेही बघून घ्या.

आणि अर्थिंग. जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडीठाक होते आणि खड्ड्याची अर्थिंग नावापुरती उरते. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. फेज-अर्थला बराच कमी आला तर खड्ड्यात पाणी सोडा आणि वायरमनला बोलवा. हे मोजणं सवय नसलेल्याने करू नये.

निशिगंध
पण दर वेळी हार्डवेअरच कशाला? १९ जुलै २०२४ ला जगभर मशीन अशीच टिंबांवर पडली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे. मायक्रोसॉफ्टने ८५ लाख उपकरणांचा अंदाज दिला होता. सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती एक फाइल उडवली की मशीन चालू.

सर्किट_कुडाळ
उदाहरण चांगलं आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणून त्याची एक चूक अख्खं विंडोज पाडते, डेस्कटॉपची वाटही न बघता. ओळखण्याची खूण अशी: सेफ मोडमध्ये मशीन चढतं, एरवी नाही. मग अलीकडचा ड्रायव्हर किंवा अपडेट काढायचं. रिपेअरमधल्या 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून विंडोजचं शेवटचं अपडेट काढता येतं. पण किनारा यांचं मशीन दुकानातून येऊन काही दिवस चाललं आणि सुटीनंतर पडलं. अपडेट सुटीची वाट बघत नाही.

सुरंगी
विषयांतर करते, पण कॅबिनेट उघडाल तेव्हा पालीची अंडी आणि मुंग्या बघा. एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून पाली उबेला आत शिरतात. उघडण्याआधी प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा दाब टिकून राहू शकतो. ब्लोअरने झटकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आणि पावसाळ्यात नॅप्थलीनच्या गोळ्या कॅबिनेटमध्ये टाकतात, ते करू नका. त्याच्या वाफेने प्लास्टिक बिघडतं. सिलिका जेलही उघड्या कॅबिनेटमध्ये लवकरच भिजून जातं, त्याचा उपयोग बंद डब्यातच. रोज तासभर मशीन चालू ठेवणं हा दमटपणावरचा सगळ्यात साधा उपाय, स्वतःच्या उष्णतेने ते कोरडं राहतं.

किनारा_वेंगुर्ला
सगळ्यांचे आभार. माहिती देतो.

९ नंबरचा पर्याय वापरला. स्टॉप कोड: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

बायॉसमध्ये तारीख १ जानेवारी २०१२.

आणि हो, संध्याकाळी केंद्र बंद करताना मेन स्विच बंद करतात. विजांची भीती असते. रविवारी पूर्ण दिवस बंद.

उबंटूवरून सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मशीन एकदाही पडलं नाही.

सर्किट_कुडाळ
मग चित्र स्वच्छ झालं. या कोडाचा आकडा ७बी. अर्थ एवढाच की कर्नल सुरू झाला पण ज्या डिस्कवरून आला तीच त्याला दिसेनाशी झाली.

बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. प्लगला वीज असते तोवर एसएमपीएस ५ व्होल्टची एक बारीक धार बोर्डाला देत राहतो, मशीन बंद असलं तरी. बायॉसच्या सेटिंग आणि घड्याळ त्या धारेवर जगतात. मेन स्विच बंद केला की सगळा भार सेलवर. सेल मेलेला असेल तर रात्रभरात घड्याळ आणि सेटिंग दोन्ही पुसली जातात, आणि बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो.

त्या काळच्या कित्येक बोर्डांवर साटा मोडची (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो त्याची) मूळ सेटिंग 'आयडीई' ही जुनी पद्धत असते. तुमचं विंडोज 'एएचसीआय' या नव्या पद्धतीत टाकलेलं असणार, एसएसडीसाठी तेच योग्य. बूटलोडर बायॉसच्या मदतीने डिस्क वाचतो म्हणून टिंबांपर्यंत सगळं सुरळीत. मग कर्नल स्वतःचा ड्रायव्हर घेऊन डिस्ककडे जातो, तर समोर कंट्रोलर वेगळ्याच रूपात उभा. विंडोज बूटच्या वेळी गरजेपुरतेच डिस्क-ड्रायव्हर चढवतं, आयडीईचा त्यात नसतो. म्हणून ७बी.

दुकानात बहुधा मोड बदलून दिला आणि सेल तसाच राहिला. रोजच्या रात्री सेलने कशाबशा काढल्या, रविवारच्या लांब बंदीत मान टाकली.

बायॉसमध्ये 'साटा कॉन्फिगरेशन' किंवा 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' असं पान शोधा, मोड एएचसीआय करा, तारीख लावा, एफ१० ने साठवा.

दर्यावर्दी_अलिबाग
निदान पटतं, पण ७बी सैल केबलनेही येतो आणि मरत्या एसएसडीनेही. तारीख चुकली म्हणून सेल मेला एवढंच सिद्ध होतं. मोड खरोखर आयडीई झालाय का ते डोळ्यांनी बघा, बदलण्याआधी फोटो काढा. आधीच एएचसीआय दिसला तर सर्किट यांचं म्हणणं बाजूला ठेवून केबल आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे बघायचे.

हेमांगी_रत्नागिरी
एक जोड देते. मोड बदलूनही कुठे अडलं, किंवा कुणाला मुद्दाम आयडीईवरून एएचसीआयवर यायचं असेल, तर विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते. चालू विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, 'बूट'मध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट. लगेच बायॉसमध्ये जाऊन मोड बदला. सेफ मोड डिस्कचे सगळे ड्रायव्हर सोबत घेऊन चढतो, समोर कोण आहे ते ओळखतो आणि पुढच्या वेळेसाठी नोंद ठेवतो. मग खूण काढून पुन्हा सुरू करा. सेफ मोडला पिन चालली नाही तर पूर्ण पासवर्ड लागतो, तो आधी आठवून ठेवा.

किनारा_वेंगुर्ला
मोड आयडीईच होता. फोटो काढून एएचसीआय केला, मशीन सरळ डेस्कटॉपवर आलं. मग बंद करून सेल मोजला: २.१ व्होल्ट. नवा आणायचाय. बसवताना काय सांभाळू? सेलच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड दिसतेय.

जांभा_दगड
ती पूड महत्त्वाची. पत्र्यावर गंज आणि खाऱ्या हवेतलं मीठ, दोन्ही. दमटपणात मीठ ओलं झालं की त्या थरातून सेलचा करंट झिरपत राहतो आणि नवा सेलही लवकर मरतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबा. सेलच्या कडेची खिटी प्लास्टिकच्या किंवा लाकडी टोकाने बाजूला करा, स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावरची वाट तुटते. सेल उसळून वर येईल. जुन्या टूथब्रशला अल्कोहोल लावून सेलच्या खोबणीच्या तळाचा मधला पत्रा आणि कडेचा उभा पत्रा दोन्ही घासा, पूड निघून धातू चकाकला पाहिजे. कडेचा पत्रा सैल वाटला तर अगदी किंचित आत वाकवा. पूर्ण वाळू द्या. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून, कडेने धरून. बोटांचा घाम दोन्ही बाजूंना लागला तर तोही करंट झिरपवतो.

दुकानातच मोजून घ्या. नवा ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.७ च्या खाली गेलेला बसवू नका, कितीही सीलबंद असो. सीआर२०२५ देऊ लागले तर नको, तो जाडीला कमी आहे, पत्र्याला नीट टेकत नाही.

आंबोळगड
आणि मेन स्विच बंद करायची सवय सोडू नका. मे आणि ऑक्टोबरच्या विजांत तीच मशीन वाचवते. फोनच्या लाइनची किंवा इंटरनेटची केबलही सोबत काढा, वीज त्या वाटेने लॅन पोर्टमध्ये शिरते.

सुरंगी
सकाळी सरकारी संकेतस्थळं उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' येत होतं का? तारीख चुकली की प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं, आणि डिजिटल सहीही चालत नाही. फरक १५ तासांपेक्षा जास्त असला की घरगुती विंडोज १० सहसा आपणहून घड्याळ जुळवत नाही, हाताने लावावं लागतं. ही खूण निळ्या पडद्याच्या कितीतरी आधी दिसते.

किनारा_वेंगुर्ला
सुरंगीताई, येत होतं. इंटरनेटला दोष देऊन सगळे तारीख हाताने लावत होते.

फणसगरे
माझ्याकडे उलट आहे. अकराव्या पिढीचा इंटेल लॅपटॉप, बायॉस अपडेटनंतर हाच कोड. त्यात आयडीई-एएचसीआय असं काही दिसतच नाही.

सर्किट_कुडाळ
त्यात 'व्हीएमडी' (इंटेलची डिस्क हाताळायची सेटिंग) शोधा. अपडेटने तो उलटा झाला असेल, बंद असेल तर चालू करा, चालू असेल तर बंद. विंडोज ज्या स्थितीत टाकलं गेलं तीच स्थिती हवी. नवं विंडोज टाकताना डिस्कच दिसली नाही तर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा लागतो.

पण आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बघा. नव्या लॅपटॉपवर तो मालकाला न कळता चालू असू शकतो, आणि बायॉसला हात लावला की ४८ अंकी किल्ली मागतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून ती किल्ली कागदावर उतरवा, मगच सेटिंग बदला. किल्ली नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही परत आणू शकत नाही.

किनारा_वेंगुर्ला
नवा सेल बसवला, पत्रे घासले. रविवारी मेन बंद होता. सोमवारी तारीख बरोबर, मोड एएचसीआय, मशीन पहिल्या झटक्यात वर. दर्यावर्दींच्या सांगण्यावरून क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडीही बघितली. आरोग्य 'गुड', पण 'सीआरसी एरर काउंट' समोर शून्य नाही, आकडा आहे. काळजीचं आहे का?

दर्यावर्दी_अलिबाग
ती नोंद बहुतेकदा केबलची असते, डिस्कच्या पोटातली नव्हे. बोर्ड आणि एसएसडी यांच्यामध्ये जाताना डेटा बिघडला आणि पुन्हा पाठवावा लागला, त्याची ती मोजणी. साटा केबल बदला, खिटीवाली घ्या, टोकं अल्कोहोलने पुसून बसवा. आकडा कधीच मागे येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा बघा. तेवढाच राहिला तर प्रश्न मिटला. वाढला तर दुसऱ्या साटा पोर्टात लावून बघा, बोर्डावरच्या पोर्टातही तीच हिरवी पूड असते. 'रीअलोकेटेड' (खराब जागेऐवजी दुसरी जागा वापरल्याची) म्हणून नोंद दिसली आणि तिचा आकडा वाढू लागला, तर मात्र नवी एसएसडी मागवा.